धुकं हटेपर्यंत

केटिल,

नऊ वर्षं आपण बोललो नाही. काल तुझी लेक आल्फ्रुन माझ्याकडे आली. चार दिवसांच्या डोंगरवाटेवर एकटीच निघालीय. ज्वालामुखीच्या पठारावरचा जो निवारा मी सांभाळते, तिथे ती मुक्कामाला थांबली. मी कोण, ते सांगायचा मला धीर झाला नाही.

आज सकाळी ती दाट धुक्यातच निघायला लागली. गरम झऱ्यांवरचा बर्फ आतून पोकळ असतो, धुक्यात तो ओळखू येत नाही, म्हणून मी तिचे बूट लपवले.

"म्हातारे, बूट दे!"

"धुकं हटू दे."

दुपारी धुकं हटलं, मी बूट दिले, आणि ती पाय आपटत गेली. मग पाच तास मी वायरलेसपाशी येरझारा घातल्या.

शेवटी पुढच्या निवाऱ्यावरचा स्नोरी बोलला, "पोहोचली. म्हणते, मी पोहोचल्याचं आत्याला सांगा, बाबांना नको."

म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

तुझी बहीण,
स्टेनुन