फळ्यावरचं ‘कमी’

भाऊ, मला कामावरून कमी केलं. तुम्ही असता तर हे वाक्य तुमच्यासमोर बोलायला मला आठ दिवस लागले असते, आणि त्यातले सात दिवस मी आईच्या आडून बोललो असतो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. दुपारचे तीन वाजलेत, आज बुधवार, आणि मी वराळ्याच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बनियनवर बसलोय. मघाशी कचरा ठेवायला दार उघडलं तर सोसायटीचा वॉचमन थबकला, “साहेब, बरं न्हाई का?” कामाच्या दिवशी या वेळी मला घरात त्याने कधी पाहिलेलं नाही. बरं आहे म्हटलं. खरंच बरं आहे, आणि तेच सांगायला बसलोय.

तुमचा शब्द होता ‘पर्मनंट’. देहूरोडच्या डेपोत लष्कराच्या ट्रकना हिरवा रंग मारण्यात तुमची एकतीस वर्षं गेली. त्यातली पहिली सहा कच्ची, आणि उरलेली पर्मनंट. ताईला स्थळं यायची तेव्हा मुलाचं गाव विचारायच्या आधी तुम्ही “पर्मनंट हाय का?” विचारायचात. आणि मी काय केलं, तर दुचाकीच्या मोठ्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडून वराळ्याजवळच्या एका शेडमध्ये चाळीस माणसांबरोबर गाड्या बनवायला निघालो. कुरवंड्याच्या घरातली ती संध्याकाळ मला अजून दिसते. आई चुलीपाशी भाकरी फिरवतेय, तुमचा घास हातातच राहिलाय. “पर्मनंट सोडून तू खेळन्यातल्या गाड्या कराय चाललास व्हय?” मी म्हणतो, खेळण्यातल्या नाही भाऊ, स्पोर्ट्स कार. दोन सीटची, जोरात पळणारी, प्रत्येक गाडी हाताने बनवलेली. “स्पोर्ट म्हंजी खेळच न्हवं?” असं म्हणून तुम्ही घास तोंडात घातलात आणि पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. गावात मात्र मी खऱ्या गाड्या बनवतो हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. मी रविवारी आलो की वाडीतली पोरं मला घेरायची, काका, आमाला एक गाडी आना की, चावीची. विहाराच्या गेटला रंग देत तुम्ही शिडीवर उभे असायचात आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. तुम्हाला त्यात मजा येत होती असा माझा आजही संशय आहे.

महिनाभराचा तो अबोला तुम्ही न बोलताच मोडलात. एका सोमवारी पहाटे मी गावाहून कामावर निघालो तर चपलेवर एक घडी ठेवलेली. मलमलचा तुकडा, रुमालाएवढा, धुऊन धुऊन पार विरलेला. तुम्ही डेपोत तोच तळहाताखाली घेऊन ट्रकचा पत्रा तपासायचात, डोळे मिटून, वरून खाली, घाई न करता. नुसता हात घामाने चिकटतो आणि काही कळत नाही. मधे कापड असलं की पत्रा केसाएवढा आत बसलेला असला तरी बोटांना लागतं. हे तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतं. मी लांबून बघितलं होतं आणि तुम्हाला ते माहीत होतं. पुढे मी त्या शेडमध्ये रंगाच्या विभागाचा तपासनीस झालो, इतरांना कंपनीचे हातमोजे मिळाले, मी ते तुमचं कापड सोडलं नाही.

एकदाच तुम्ही शेडमध्ये आलात. आधी मालकांनी तुम्हाला कौतुकाने तयार गाडीत बसवलं. बसलात ते बसलात, उठता येईना. गाडीची सीट जमिनीपासून वीतभर. शेवटी मी एका हाताला आणि मालक दुसऱ्या हाताला धरून तुम्हाला ओढून काढलं. “गाडी हाय का खड्डा?” तुम्ही विचारलंत आणि सगळी शेड हसली. मग तुम्ही खिशातून रुमाल काढलात, तळहाताखाली घेतलात, डोळे मिटलेत आणि उजव्या दरवाजावरून हात फिरवलात. हँडलच्या खाली हात थांबला. “हितं जरा बसलंय.” मालक माझ्याकडे बघायला लागले. “ह्ये पास कुनी केलं?” मी म्हटलं, मी. गाडी त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे जायची होती. “मंग आता खोल ते.” एवढंच म्हणालात आणि चहाला गेलात. मी सगळ्यांदेखत दरवाजा उतरवला. गाडी दोन दिवस उशिरा गेली. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं मी बसलेला एकही दरवाजा पास केला नाही, हे तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं.

पण पुढची गोष्ट वेगळी आहे. गेल्या दोन वर्षांत ऑर्डरी आटल्या. पैसे घालणारे लोक आधी दर महिन्याला यायचे, फोटो काढून जायचे, मग यायचे बंद झाले. पगार सात तारखेचा पंधरावर गेला, पंधराचा पंचवीसवर. कॅन्टीनमधली दुसरी भाजी गेली, मग पहिली. आणि रोज एक वाक्य कानावर यायला लागलं: जरा चालवून घ्या. प्रायमर हलका आलाय, चालवून घ्या. दरवाजा पुन्हा करायला फायबर नाही, चालवून घ्या. गाडी रस्त्यावर चालायच्या आधीच आम्ही ती चालवून घेत होतो. मी तुमचं कापड घेऊन हात फिरवायचो, बोटांना कळायचं, आणि मी सही करायचो. असे चार दरवाजे माझ्या सहीने गेलेत. चारही कुठल्या रंगाचे ते मला पाठ आहे. घरी येऊन जेवायला बसलो की हात पुन्हा पुन्हा धुवावासा वाटायचा आणि बायको म्हणायची, रंग तर कुठे लागलेला दिसत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. आमच्याकडे रोज सकाळी मी मीटरने रंगाची जाडी मोजायचो आणि फळ्यावर लिहायचो. कुणाचं काम, गाडीचा कुठला भाग, जाडी बरोबर की कमी. फवारणाऱ्याने हात आखडला की कमी, पॉलिशवालीने जास्त घासलं तरी कमी. गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी माझा मार्कर वाळला होता. स्टोअरमध्ये मागितला तर नवीन आणायचे बंद केलेत म्हणाले. मग उरलेल्या शाईत मी काटकसर केली. भाग वगैरे गाळले. नुसती चार नावं लिहिली, खाली रेघ मारली आणि रेघेखाली एकच शब्द: कमी. आणि मीटर ठेवायला आत गेलो.

बाहेर आलो तर सगळे फळ्यापाशी उभे. कॉम्प्रेसरसुद्धा कुणी लावला नव्हता. चार नावांतलं पहिलं नाव पॉलिशच्या मावशींचं होतं. त्या वराळ्यातल्याच, चौदा वर्षं आमच्याकडे. त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि कपाटाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. “किल्ली घ्या साहेब. डबा तेवढा घेऊन जाते.” मी विचारलं, कुठे निघालात? त्यांनी फळ्याकडे बोट केलं. “तुमच्या हातचं अक्षर हाय. दुसऱ्या कुनी लिवलं आसतं तर मी भांडले आसते.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अक्षरशः ओरडलो, अहो, रंग कमी! रंग! माणसं नाही! क्षणभर कुणाचा विश्वास बसेना, मग मावशी मटकन स्टुलावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. सगळेच हसले. त्या हसण्यात मागून एकाने विचारलं, “मंग खरी लिस्ट कुटं हाय?” आणि हसणं थांबलं.

मी तसाच मालकांच्या केबिनमध्ये गेलो. ते कधीच चढ्या आवाजात बोलत नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. “बसा. मी आज तुम्हाला बोलावणारच होतो. बुक झालेल्या नऊ गाड्या पूर्ण करून द्यायच्या, एवढंच आता आपल्या हातात आहे. रंगाकडे तुम्ही धरून सात जण आहात. तिघांवर भागवावं लागेल. चार नावं मला शनिवारपर्यंत द्या.” मी म्हटलं, हे माझं काम नाही. ते म्हणाले, “मी दिली तर चुकीची देईन. तुम्हाला माणसं माहीत आहेत.” आणि त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. तुम्ही तर राहणारच, हे त्यांना बोलावंसुद्धा लागलं नाही.

ते पाच दिवस मी कसे काढले ते आई असती तर तिला कळलं असतं. शुक्रवारी मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं. चार नावं द्यायचीत. कुणाला दुसरीकडे सोय आहे का? दोघांनी हात वर केले. एकाचं चाकणला जवळजवळ ठरलेलं होतं, दुसऱ्याच्या मेव्हण्याचं लोणावळ्याला गॅरेज आहे. राहिली दोन. एक नाव मी रात्रीच लिहून ठेवलं होतं, माझं. चौथं मात्र मला लिहावंच लागलं. फळ्यावरच्या त्या चार नावांतलाच, तळेगावचा एक मुलगा, प्रायमर मारणारा, गेल्याच वर्षी लग्न झालेला. त्याचा हात खरोखर कच्चा होता. तीन वर्षं मी त्याची कामं गुपचूप दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतली आणि त्याला समोर बसवून कधी काही सांगितलं नाही, नुसतं फळ्यावर कमी लिहीत राहिलो. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजी त्या दिवशी फळ्यावर बरोबरच लिवलं व्हतं की, साहेब.” दोन ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकलाय. माझा फोन तो उचलत नाही, मी रोज लावतो.

शनिवारी मालकांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. “तुमचं नाव पहिलं का?” मी म्हटलं, मोजायला आता उरलंय काय, नऊ गाड्या मावशी डोळे झाकून तपासतील, मी त्यांना शिकवून जातो. आणि शिकवलं. शेवटच्या आठवड्यात तुमचं कापड त्यांच्या तळहाताखाली दिलं आणि म्हटलं, डोळे मिटा. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात एका बॉनेटवर थांबला. “हितं काय तरी हाय बगा.” होतं. मी म्हटलं, मग खोला ते. मालकांना सांगा साहेब सांगून गेलेत, चालवून घ्यायचं नाही. कापड त्यांच्याकडेच ठेवून आलो. तुम्ही रागावणार नाही असं वाटतं.

निरोपाला सगळ्यांनी वर्गणी काढून मला घड्याळ दिलं. मावशी उभ्या राहून बोलल्या, साहेबांनी दुसऱ्याच्या पोटासाठी आपलं नाव पयलं लिवलं. टाळ्या झाल्या. बायकोने हे तिच्या माहेरी सांगितलं, ताईने तिच्या सासरी. परवा कुरवंड्यात गेलो तर पारावरच्या माणसांनी मला बघून सरकून जागा दिली, जी त्यांनी इतक्या वर्षांत कधी दिली नव्हती. मी मान खाली घालून बसतो आणि लोकांना तो विनय वाटतो.

खरं काय ते तुम्हालाच सांगता येईल. ज्या रात्री मी त्या कोऱ्या कागदावर माझं नाव लिहिलं, तेव्हा माझ्या मनात मावशी नव्हत्या, तो मुलगा नव्हता, कुणीच नव्हतं. पाचवा दरवाजा पास करावा लागणार नाही, एवढंच होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी दिवा बंद करायचा विसरून तसाच झोपलो. दुसऱ्यांचं भलं झालं ते झालं, पण ते मागाहून. पुढच्या महिन्यापासून लोणावळ्यातच दुसऱ्या एका, जुन्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये जाणार आहे, पगार निम्मा, पर्मनंट नाही. आणि सकाळी मी दाढी करताना शीळ वाजवतो.

तुम्ही रिटायर झालात तो दिवस आठवतो? गळ्यात हार, हातात नारळ, मागे सहकाऱ्यांची जीप. सगळे गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात, बूट काढलेत आणि आईला म्हणालात, “सुटलो गं.” असा आवाज मी तुमचा त्याआधी कधी ऐकला नव्हता. मग तुम्हाला दारात मी दिसलो आणि तुम्ही घाईने म्हणालात, “म्हंजी ड्युटी सुटली.” मी काहीच ऐकलं नाही असं दाखवून पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेलो. पुढे कितीदा वाटलं की विचारावं, भाऊ, तुम्हाला एकतीस वर्षं काय टोचत होतं? पण तुमचा ‘पर्मनंट’ मधे यायचा.

आत्ता बायको उठून आली. काय लिहिताय एवढं, म्हणाली. मी कागदांवर हात ठेवला आणि म्हटलं, काही नाही, कंपनीचे जुने रिपोर्ट लावतोय. ती चहा टाकायला गेली. हे कागद तसेही पाठवायचे कुठे, रिपोर्टांच्याच फाइलमध्ये जातील. तेवढी एक गोष्ट राहिली ती लिहितो. त्या दिवशी मी ऐकलं होतं, भाऊ. मीही सुटलो.