दोन हातांची तसबीर

उदगीर, १८ नोव्हेंबर २०२५

सकाळी बँकेत जाऊन हयातीचा दाखला दिला. दुपारी पडलो, झोप आली नाही. संध्याकाळी मलप्पा पेंटर येऊन गेला.

आदरणीय भीमरावदादा यांस,

आनंदराजचा सप्रेम जय भीम. आपला गुडघा आता जिना चढू देत असेल. वहिनींनाही जय भीम सांगावा. मी हयात असल्याचे बँकेने मान्य केले आहे, तेव्हा माझी काळजी नसावी.

आपल्या अश्वजितने त्याच्या आत्याच्या भाकरी करण्यावर जो प्रायोगिक सिनेमा केला, तो मागच्या महिन्यात इथल्या वाचनालयात दाखवला. (एकतीस मिनिटे. चेहरा नाही, नुसते हात, पीठ आणि तवा. तेवीस माणसे आली, नऊ शेवटपर्यंत बसली, त्यातला एक मी.) प्रकरण तिथे मिटले असे मला वाटले. पण उरलेले आठही जण गावातले कलावंत निघाले, हे उशिरा कळले.

येत्या रविवारी महामायाचा पहिला स्मृतिदिन. आपली बहीण कॅमेरा निघाला की आत जायची, हे आपण जाणताच. आधार कार्डावरचा फोटो तेवढा आहे (त्यात ती कोर्टात साक्षीला उभी असल्यासारखी दिसते). तो देऊन मलप्पाला तसबीर सांगितली. तीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, मालकाच्या मिशीचा केस चुकवत नाही. आज घेऊन आला ते दोन हात आणि पिठाचा गोळा. चेहरा विचारला, तर म्हणाला, "सर, चेहरा कुणीबी काढतंय. ते पिक्चर बघितल्यापासून माझं मन चेहऱ्यावर बसंनाच." शेजारच्या नागुबाई डोकावून म्हणाल्या, "भाऊ, हात आले. बाकीची बाई मागून येऊन राहिली का?"

रविवारी गीत म्हणणारे अमृतरावही त्या आठांतले. काल तालमीला एक ओळ म्हणून थांबले. ढोलकी थांबली. घसा बसला असेल म्हणून मी पाणी आणले. दीड मिनिटाने त्यांनी सांगितले की ही शांतता सिनेमातून घेतली आहे. बॅनरवाल्या बालाजीने तर आठ फुटांच्या पांढऱ्या बॅनरवर कोपऱ्यात बोटभर नाव छापले आहे. येणारा-जाणारा विचारतो, शाई संपली का? मी हो म्हणतो. समजावण्याची ताकद नाही.

रविवारी लोक फुले वाहणार ती कशाला? चेहरा काढला तरी चालतो, एवढे अश्वजितने मलप्पाला फोन करून सांगावे. त्याचे तो ऐकेल.

आपला,
आनंदराज

ता.क. अश्वजितला रागावू नये. शूटिंगसाठी तो आठ दिवस इथे होता, तेव्हा ती खुशीत होती.

ता.क. २. त्या शांततेबद्दल. सिनेमात ती विचारते, "अहो, अजून एक टाकू का?" आणि दीड मिनिट उत्तर येत नाही. हाच सिनेमाचा प्राण आहे असे अश्वजित म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शूटिंगमध्ये बोलू नका असे त्याने बजावले होते, असे मी सगळ्यांना सांगत आलो. त्याने तसे काही सांगितले नव्हते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मला ऐकू आले होते.

ता.क. ३. मलप्पाला फोन नको. हात तिचेच आले आहेत. अश्वजितला फक्त तो सिनेमा माझ्या मोबाईलवर पाठवायला सांगा. सगळा नको. ती विचारते तिथपासून.

आठ दिवसांनी नळ आला आहे. घागरी भरून घेतो.