खडबडीत बाजू वर

३ जानेवारी
फरश्या आल्या. शहाबादी, दीड बाय दीड, चोवीस नग. टेम्पोवाल्याने भिंतीला टेकवून उभ्या केल्या. "मॅडम, गवंडी कोण आहे?" म्हटलं, मीच. तो हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला.
गवंड्याचं उत्तर कालच आलं. अंगण सहा बाय नऊ. एवढ्याशा कामाला माणसं अडकवता येत नाहीत, मार्चमध्ये बघू. पण आई रथसप्तमीच्या आत घरी येते आहे. म्हणजे तीन आठवडे.
डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, आता पुन्हा पडायचं नाही. आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

४ जानेवारी
कुदळ. शेवंती कुंडीत हलवली. तळहातांना फोड.
ताईचा फोन, गंगापूर रोडहून. खुब्याच्या ऑपरेशनपासून आई तिच्याकडे. "शुभा, राहू दे ना तिला इथेच. लिफ्ट आहे, सगळं सपाट आहे. तुझ्याकडे एकदा पडलीच ना." शेवटचं हळू म्हणाली. मग आईने फोन घेतला. "हिचं ऐकू नकोस. हिच्याकडे बाल्कनी आहे. बाल्कनीत दूध उतू घालू? खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर?" आणि, "फरशी गुळगुळीत घे हं. खडबडीत फरशीवर रांगोळीची रेघ तुटते."
गुळगुळीतच आहे, म्हटलं. एका बाजूने पॉलिश. दुसरी बाजू खाणीतून निघाली तशी. ती खाली जाईल.

७ जानेवारी
मुरूम पसरला, वर कच, दगडाची बारीक भुकटी. दोरी बांधली, गेटकडे ढाळ दिला. पहिली ओळ बसवली, चार फरश्या. दुपारचं लेक्चर बुडवलं.
समोरच्या बांधकामावर हिराबाई आहे, सुरगाण्याची. डब्याच्या सुट्टीत गेटशी येऊन उभी राहिली. "बाई, मुरूम चोपला नाय तुमी." चोपला, म्हटलं. तिने हातोडी घेतली, दांडा फरशीवर आपटला. "ऐका. पोटात हवा हाय." पुढच्या फरशीवर आपटला. "हिच्याबी." चारही पोकळ. "कालेजात शिकवता ना?" हो. "मंग जमंल." आणि खो खो हसली.
चारही उचलल्या.

८ जाने.
पाणी मारून चोपणे. परत पाणी. परत चोपणे. कमरेत उसण. वाक्य लिहिण्यापुरतंही बसवत नाही.

११ जाने.
चोवीस झाल्या. संध्याकाळच्या उन्हात पाट मांडल्यासारख्या दिसतात. डोळे मिटून, आईइतक्या लहान पावलांनी चालून पाहिलं. दोन डगमगतात. बाकी घट्ट. अंगण बघत बराच वेळ उभी राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई गं, आरशासारखं केलंस."

१२ जाने.
सकाळी सहज सडा टाकला. दुसऱ्याच पावलाला पाय घसरला. गेटची कडी हातात आली म्हणून.
पडले नाही. पण गेट सोडवेना. पेपरवाला म्हणाला, "मॅडम, काही होतंय का?"
आई सडा टाकणारच. हे मला माहीत होतं. सत्तर वर्षं टाकते आहे. तरी दुकानात उभी राहून मी पॉलिश निवडलं, रांगोळीसाठी. पाण्याचा विचार एकदाही केला नाही.
नोव्हेंबरात ती सड्याची बादली घेऊन बाहेर गेली. मी आत पेपर तपासत होते. आवाज बादलीचा आला. तिचा आलाच नाही. मी वाक्य पुरं वाचलं आणि मग उठले. हे ताईला माहीत नाही.

१३ जाने.
सगळ्या उलट्या करायच्या.
आईचा फोन. "झाली का गं? गुळगुळीत आहे ना?"
हो.

१६ जाने.
खडबडीत बाजू वर. पण उलट्या केल्यावर प्रत्येकीची जाडी वेगळी. एक इंच, सव्वा, कोपऱ्यात दीड. प्रत्येकीखाली कच वेगळी भरावी लागते. दिवसाला चार होतात.
वर्गात शिकवताना मुलींच्या पायांकडे लक्ष जातं. उंच टाचा. कशा चालतात या?

१८ जाने.
हिराबाई. "उलट्या केल्या व्हय?" कारण सांगितलं. तिने उकिडवं बसून दगडावरून तळहात फिरवला. "ब्येस. आता न्हाय घसरायची." मग उठता उठता, "पन बाई, म्हातारं मानूस मोरीतबी पडतं. खाटंवरूनबी पडतं. बांधून ठिवाल काय?"
ती गेल्यावर मोरी पाहिली. मोरीची फरशी पांढरी, गुळगुळीत. पंधरा वर्षं मी तिच्यावर उभी राहते आहे.

२० जाने.
वीस झाल्या. ताईने आईच्या चालण्याचा व्हिडिओ पाठवला. वॉकर उचलते, पुढे ठेवते, मग एक पाय, मग दुसरा. वॉकर हवेत असतो तेवढा वेळ तिला कशाचाच आधार नसतो. व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा. मी तो पुरा बघू शकत नाही.

२२ जाने.
तिसऱ्या ओळीतली एक फरशी डुलते. पाच वेळा उचलली. बसवली की तासभर ठीक, मग पुन्हा. हातोडीचा दांडा आपटला, पोकळ. शेवटी तिच्याखाली सिमेंटच घातलं. सुकायला एकच दिवस आहे.
ताईला फोन करावा, दोन दिवस थांब म्हणावं. नंबर काढला. ती लगेच म्हणेल, मग राहू दे की इथेच. आणि मी हो म्हणेन. सुटले असं वाटेल.
फोन केला नाही.

२३ जाने.
आई आली.
ताईने गाडी गेटला लावली. आईने खाली पाहिलं, बराच वेळ. मग चपला काढायला लागली. ताई ओरडली, "अगं, घाल ना चपला!" "माझ्या अंगणात?" अनवाणी पाय दगडावर ठेवला. तसाच ठेवून उभी राहिली.
"शुभे, खोटं बोललीस."
हो, म्हटलं.
"रेघ तुटणार."
तुटू दे.
मग चालली. मी मागे, दोन्ही हात पसरून. एकही दगड हलला नाही. मी श्वास घेतला नसावा, कारण दारात पोचल्यावर मलाच खुर्ची लागली. ताई म्हणाली, "पेशंट कोण आहे नक्की?" दोघी हसल्या.

२४ जाने.
मोरीत रबरी चटई. दाराला घंटी. ती उठली की मी उठते. ती वळली की वळते. दुपारी म्हणाली, "सारखी काय गं बघतेस, मी काय दुधाचं पातेलं आहे?"

२५ जाने. रथसप्तमी
सडा मी टाकला. ती खुर्चीत बसून सांगत होती, मी सूर्याचा रथ काढला. रेघ खरंच तुटते. ती म्हणाली, "रस्ता खराब आहे सूर्याचा." गोवऱ्या पेटवल्या. दूध वर आलं, उतू गेलं, दगडावर पसरलं. मी फडकं घेऊन धावले.
"थांब," म्हणाली. "फडकं ठेव. इकडे ये."
गेले.
"तू मागे उभी राहतेस ना, हात पसरून. तेव्हा माझे पाय थरथरतात. ताईकडे नव्हते थरथरत. तुझी भीती मला पाठीला लागते गं."
मी फडक्याची घडी घातली.
"मी गेटपर्यंत जाऊन येते. जास्वंदीची फुलं आणते. तू आत जा. खिडकीत यायचं नाही. हाक मारायची नाही."
दूध तरी पुसू दे, म्हटलं. ते पुसू दिलं.
ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. इथून गेट दिसत नाही. वॉकर वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. सहा वेळा वाजला. गेटपर्यंत किती लागतात ते मी मोजलेलं नाही. आता वाजत नाही. फुलं तोडत असेल. वाकत असेल.
हाक मारायची नाही.