रातबगळ्याचं ओतकाम

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, पूर्वी ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न डिझायनर, आता पूर्णवेळ लाकूड कोरणारी, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हे काही मृत्युपत्राचं वय नाही, असं मावशीचं म्हणणं. दादा सव्वीसचा होता.

१. घराची अनामत आणि बँकेतली शिल्लक आईची.

२. पटाश्या, रंधे आणि कामाचा बाक धाकट्या बहिणीला. पटाशीने डबे उघडायचे नाहीत. मी गेले तरी मला कळेल.

३. तयार पक्षी, बोंडं, शेंगा मॅनेजरसाहेब सोडून कोणालाही विकाव्यात. राजीनामा दिला तेव्हा ते म्हणाले होते, पाखरं कोरून पोट भरत नाही. आता दिवाणखान्यासाठी घुबड मागतात. नकाराचं कारण ते नाही. कारण कलम पाचमध्ये आहे.

४. पोलादी पट्टी मास्तरांना परत. मास्तर म्हणजे पॅटर्न शॉपचे प्रमुख. मला लाकूड त्यांनी शिकवलं. या पट्टीवरचा सेंटिमीटर किंचित मोठा असतो, कारण ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि लाकडी नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. नोकरी सुटली, पट्टी सुटली नाही. माझा प्रत्येक पक्षी खऱ्यापेक्षा किंचित मोठा आहे. गिऱ्हाइकांना ते कळत नाही. पक्षी एक पाऊल जवळ आल्यासारखा वाटतो, एवढंच.

५. आईच्या खाटेखालचा ठोकळा. दादा वितळलेल्या लोखंडात पडला तेव्हा परत देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॅनेजरसाहेब घरी आले आणि आईला विचारलं, "वजन किती होतं त्याचं?" तिला वाटलं, कागदावर लिहायला हवं असेल. ती म्हणाली, "बासष्ट." आठवड्याने त्याच लोखंडातून तेवढ्या वजनाचा ठोकळा कापून त्यांनी घरी पोचवला. अंत्यविधीसाठी, म्हणाले. आईने तो जाऊ दिला नाही. थंडीत ती त्याच्यावर पांघरूण घालते. मी त्याच महिन्यात राजीनामा दिला.

६. कपाटातला रातबगळा. असाच एक कारखान्यामागच्या तळ्यावर बसायचा. दादा त्याला रात्रपाळीचा माणूस म्हणायचा. मी फक्त पक्षी कोरत होते. आईने पाहिला आणि हळूच विचारलं, "असा खांदे पाडून का बसलायस? शिफ्ट सुटली नाही का रे अजून?" ते खांदे मी मोजून कोरलेले नव्हते. त्या दिवसापासून तो कपाटात आहे.

ठोकळा वितळवून या नमुन्यावरून ओतावा. हे मास्तरांनी करावं, आणि आई हो म्हणाली तरच. पक्ष्याखालचा ओंडका मी नंतर मुद्दाम मोठा केला आहे, म्हणजे सगळं लोखंड लागेल. लोखंड साच्यात ओतायच्या नाळीत राहील तेवढं तळ्यात सोडावं. आतून पोकळ ठेवू नये. मी हे जिवंतपणी करत नाही, कारण ओतताना मला बघत उभं राहावं लागेल.

साचा फोडायची घाई नको. गार झाल्यावर तो बरोबर खऱ्या मापाचा होईल. मग आईला हात लावू द्यावा. ती पुन्हा तेच विचारेल. मास्तर खोटं बोलत नाहीत, ठाऊक आहे. पण तेव्हा ते खोटं नसेल. त्यांनी म्हणावं, "सुटली, वहिनी."

मास्तर आणि बहीण यांना यातून काही मिळत असल्याने ते साक्षीदार नाहीत.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)
२. वखारवाले काका (सही, चष्मा लावून, सगळं वाचून)

ठिकाण: मागची खोली, कामाचा बाक
दिनांक: दादा गेल्याला सात वर्षं झाली, तो दिवस

(सही)