पाचच मिनिटं मोकळ्या गप्पा

३ मार्च, सोमवार
क्लेम विभागातला आणखी एक पोरगा नोकरी सोडून गेला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, एवढ्या मोठ्या विमा कंपनीत माणसं फक्त तुमच्याच हाताखाली का टिकत नाहीत? मी पगाराकडे बोट दाखवलं. वरच्या मजल्यावरही पगार तोच आहे म्हणाले. मग मी खुर्च्यांचा विषय काढला. खुर्च्याही त्याच निघाल्या. जरा ओशाळलो.
संकल्प : माणसांची मनं जाणून घेणे. उद्यापासून रोज मोकळ्या गप्पा.

४ मार्च
गप्पा सहाला ठेवल्या, म्हणजे कामाचा खोळंबा नको. सगळ्यांच्या बॅगा खांद्याला लागल्या होत्या. म्हटलं, पाचच मिनिटं. पावणेआठपर्यंत रंगल्या. बोललो मीच. सुरुवात कुणीतरी करायलाच हवी.

६ मार्च
बायको म्हणते, त्यांना वेळेवर घरी सोड, समाधान आपोआप होईल. ती शाळेत शिकवते. घंटा झाली की सुटणाऱ्यांना मॅनेजमेंट काय कळणार?

११ मार्च, रात्री
आज मोठ्या ताई गप्पांमधून फोन घेऊन जिन्यात गेल्या. ताई म्हणजे आमच्या विभागाचा कणा. कुठलाही क्लेम अडला की सगळे त्यांच्याकडे धाव घेतात, मीसुद्धा. पाणी प्यायच्या निमित्ताने मागे गेलो. मुलीला सांगत होत्या, तू जेवून घे, सर बोलतायत अजून. मग म्हणाल्या, नाही गं, काम कसलं, नुसतेच बोलतायत.
कान तापले. फार लाज वाटली. परत येऊन तिथेच आवरतं घ्यायला हवं होतं, पण मुद्दा अर्धवट राहिला असता.

१२ मार्च
ताईंनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, आता जमत नाही सर. त्या गेल्या तर विभाग बसलाच, आणि मीही.
संकल्प : गप्पा कायमच्या बंद. तसं सगळ्यांना नीट समजावून सांगायला संध्याकाळी थांबवून घेतलं. साडेसात झाले.

१३ मार्च
बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. घरी यायचं का टाळतोस, एवढंच विचारलं. मी टाळत नाही. घरी माझं इतका वेळ कुणी ऐकून घेत नाही, एवढंच. हे लिहितानाही शरम वाटतेय.

१७ मार्च
साहेबांना हात जोडून सांगितलं, ताईंना काहीही करून थांबवा, तुम्ही म्हणाल ते मी करीन. साहेब लगेच कबूल झाले. ऑर्डर टाइप करून तयारच होती. उद्यापासून मी हेड ऑफिसला, कर्मचारी समाधान सल्लागार. प्रमोशनच म्हणायचं. स्वतंत्र खोली. हाताखाली कुणी नाही.

२४ मार्च
ताईंनी राजीनामा मागे घेतला. कळलं तेव्हा खरंच बरं वाटलं. हेड ऑफिसला मीटिंगसाठी आलेले साहेब संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले. खुशीत होते. म्हणाले, क्लेमची मंडळी सहाला हसतखेळत घरी जातात, तो गेलेला पोरगाही परत यायचं म्हणतोय, तुम्ही तिथून हललात ते फार बरं झालं.
मी सवयीने थँक यू सर म्हणालो, आणि खालचा मजला येईपर्यंत मान वर केली नाही.