उरलेले आठ पारे

अकोला, जुने शहर
पौष, सन १८६४

चि. भाऊ करामत यास थोरल्या आपाकडून अ. उ. आ. वि. वि.

वरची अक्षरे आमचे शेजारी नारायणपंत पंतोजी यांनी सवयीने घातली आहेत. मी सांगते आणि ते लिहितात, हे तुला अक्षरावरून कळलेच असेल. त्यांच्या घरी थोरली बहीण आशीर्वाद देते, आपल्याकडे दुवा देते. तू दुवा समजून घे, म्हणजे पंतोजींचा कागदही वाया जायचा नाही.

तुझे मागचे पत्र फारसीत आले. ते घेऊन मी पाच घरे हिंडले. अत्तरवाल्याने ते डोळ्यांना लावले आणि फार पवित्र लिहिले आहे असे सांगून परत दिले. पुढे तुझ्या गाडीवानाने तोंडी सांगितले, की तू लोणच्याची रिकामी बरणी परत मागितली आहेस. बाबा, अंजनगावात अब्बांनी तुला कुराणाबरोबर बाळबोध अक्षरही शिकवले होते. यापुढे आपण बोलतो तसे मराठीत लिही. अल्लाला सगळ्या भाषा येतात, अकोल्याला येत नाहीत.

आता जे सांगायला धीर होत नव्हता ते सांगते. माझा बदरू सुटीला म्हणून दिवाळीत घरी आला तो परत तुझ्या मकतबात शिकायला येणार नाही. त्याने इथे सरकारी मोजणी खात्यात नाव घातले आहे. सकाळी साहेबाचा कारकून त्यांना नकाशे आणि हिशेब शिकवतो, मग दिवसभर शेताशेतांतून साखळी घेऊन फिरायचे. एकोणीस वर्षांचा घोडा झाला, पण मामूंना स्वतः लिहायची छाती नाही. पाच वर्षे तुझ्यापाशी राहून कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी बावीस पारे त्याने तोंडपाठ केले, हे मी विसरलेले नाही. कुराण सोडणार नाही, पण हेही शिकणार, असे तो म्हणतो. तू त्याचा मामू आहेस, उस्ताद आहेस आणि अल्लाच्या मर्जीने सासराही होणार आहेस. तेव्हा तीन वेळा रागावून घे आणि चौथ्या वेळी विचार कर.

तुझ्या लेकीला, सुगराला, फुप्पीचे मुके दे. बरणी पाठवते आहे, पण रिकामी पाठवणे बरे नव्हे म्हणून भरून.

तुझी आपा,
गौहरबी

---

अमरावती
माघ, सन १८६४

तीर्थस्वरूप गौहर आपांच्या खिदमतीत करामत अलीचा सलाम वि. वि.

रोजे चालू आहेत, म्हणून राग आवरून लिहितो आहे. मराठीतही लिहितो आहे, हे आपली आज्ञा म्हणून. बरणी पोचली. लिंबू चांगले मुरले आहे.

आपा, बावीस पारे छातीत असलेला मुलगा शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने साखळी ओढतो, हे ऐकून मला घास गिळवेना. आणि रोजा असल्यामुळे गिळायचाही नव्हता. माझ्या मकतबात चाळीस मुले होती. अमेरिकेत कुठेशी लढाई लागली, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि आता अकरा उरली. कोणी गाडीवर बसतो, कोणी सरकीच्या ढिगावर बसतो, पण माझ्यापुढे चटईवर बसायला कोणाला वेळ नाही. त्या चाळिसांतून एक तरी हाफिज होईल, अख्खे कुराण एकाच्या तरी तोंडी राहील, अशी ज्याच्यावर माझी आशा होती तो हाच. तीस वर्षे शिकवतो आहे, आजवर माझ्या हातून एकही पुरा झाला नाही. आपणांस ठाऊक नसेल, मी कोणाला सांगत नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो. सुगराचा निकाह ईदनंतर करायचे ठरले होते, ते आता नाही. बदरूने उरलेले आठ पारे पुरे करावेत, हाफिज होऊन यावे आणि मुलगी घेऊन जावी. साखळी घेऊन आल्यास दारातूनच सलाम करीन.

इकडची चांगली बातमी अशी, की कापसाचे व्यापारी हाजी उस्मान शेठ बाजारामागच्या मोकळ्या जागेवर मशीद बांधत आहेत. पौषात पाया आखला. गवंडी म्हणाला, जुन्या मशिदीवरून दिशा घेऊ. मी म्हटले, कशाला? काबा पश्चिमेला, सूर्य पश्चिमेला मावळतो, आणि मावळत्या सूर्याला कोणी लाच दिलेली नाही. स्वतः दोरी धरून उभा राहिलो आणि सूर्य टेकला तिथे, नमाजेत जिच्याकडे तोंड करायचे त्या किब्ल्याच्या भिंतीची दिशा धरली. शेठ फार खूश झाले. बदरूला हे जरूर सांगावे, म्हणजे साखळीवाचूनही जगात मोजणी होते हे त्याला कळेल.

धाकट्यावरची माया रागावूनही ठेवावी,
करामत अली

---

अकोला
चैत्र, सन १८६४

चि. करामत यास दुवा. (पंतोजींना या खेपेस आधीच बजावले होते.)

राग आवरून लिहिलेस ते बरे केलेस. न आवरता लिहितास तर डाकेतच कागद जळाला असता.

तुझे पत्र मी बदरूकडून दोनदा वाचून घेतले. निकाहाची ओळ त्याने आपणहून तिसऱ्यांदा वाचली. मी म्हटले, चल, उद्याच तुला अमरावतीच्या गाडीत घालते. तो म्हणाला, मामूंनी मारले तरी जाईन, पण मोजणी सोडून जाणार नाही. आता तू सांग, याला मी काय करू? हट्ट तुझ्या घराण्यातला आहे, माझ्या सासरचे लोक गरीब गाईसारखे होते.

पण करामत, चेष्टा बाजूला ठेवून सांगते. पोरगा चालता चालता पाठ म्हणत असतो, मी ऐकले आहे. कालपरवा मी शेतावर भाकर घेऊन गेले तेव्हा एका ठिकाणी अडला, मागे गेला, पुन्हा अडला, आणि धुऱ्यावर खाली बसला. मला यातले काही येत नाही, पुढचे कसे सांगणार? इथे त्याचे ऐकून घेणारा, चूक धरणारा कोणी नाही. आठ पारे नवे होणे दूरच, बावीसही हातातून निसटतील अशी त्याला भीती बसली आहे. तू दार बंद केलेस तर तो साखळीवाला होईल, चांगला होईल, पण जे पाच वर्षांत भरलेस ते रिकामे होईल. आणि सुगराचा चेहरा तू रोज बघत असशील, मी काय सांगू. लहानपणापासून दोघांची नावे एकत्र घेतली आपण. माझा जीव तुटतो रे.

अब्बा आठवतात का? अजान द्यायचे आणि काठीची सावली मोजून वेळही ठरवायचे. तेव्हा सावलीला कोणी काफर म्हटले नाही.

उन्हाळा फार आहे, मोर्णेत गुडघाभरही पाणी नाही. डोक्याला कांदा लाव आणि डोके थंड ठेव.

तुझ्या रागाला न घाबरणारी,
आपा

---

अमरावती
ज्येष्ठ, सन १८६४

तीर्थस्वरूप आपांस सलाम वि. वि.

आपले पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला, कारण काय लिहावे ते सुचत नव्हते. आता जे लिहितो ते फक्त आपणांसाठी आहे. पंतोजींनी हा भाग कृपया वाचू नये.

मशिदीची भिंत कमरेइतकी आली आहे. मावळतीच्या, मगरिबच्या नमाजेला आम्ही काही माणसे तिथेच उघड्यावर उभी राहतो. गेल्या पंधरवड्यात माझ्या ध्यानात आले, की सूर्य आमच्या समोर मावळत नाही. तो पार उजवीकडे सरकला आहे. पहिल्या दिवशी वाटले, माझे डोळे. दुसऱ्या दिवशी वाटले, धूळ. काल मनकर्णाबाई माळीण टोपली घेऊन जाताना थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मौलवीबुवा, सूर्य तिकडे जाऊन राहिला, अन् तुमी इकडे काहून पाहून राहिले?" लोक हसले. मी हसलो नाही.

तिला विचारले तेव्हा तिने सांगितले, की सूर्य हिवाळ्यात डावीकडे मावळतो आणि उन्हाळ्यात उजवीकडे. तिच्या वाफ्यावर सावली कुठे पडते यावरून हे तिच्या घरात पोरीसोरींनाही ठाऊक आहे. आपा, मी पन्नास वर्षे रोज मगरिब पढतो, आणि मला हे ठाऊक नव्हते. मी घड्याळासारखा सूर्य पाहिला, कुठे जातो हे पाहिलेच नाही.

मग खरी दिशा कोणती? शेठांना विचारवत नाही. गवंड्यापुढे तोंड उघडवत नाही. शहरात ज्यांना नकाशा वाचता येतो ते सगळे कचेरीतले, त्यांना विचारले तर उद्या बाजारभर होईल. इतके दिवस जी नमाज झाली तिचे काय, ही चिंता निराळीच. आपल्या चिरंजीवापाशी तो कुतुबनुमा, ती उत्तर दाखवणारी सुईची डबी, असते काय? केवळ माहितीसाठी विचारतो.

आपला,
करामत

---

अकोला
आषाढ, सन १८६४

चि. करामत यास पुष्कळ दुवा.

केवळ माहितीसाठी सांगते, की डबी आहे, आणि डबीसकट मुलगा गुरुवारच्या गाडीने निघतो आहे. पावसामुळे त्यांची मोजणी बंद आहे. मी त्याच्याबरोबर एकही अट पाठवलेली नाही. भाचा आहे, भाड्याचा माणूस नाही. दारातून सलाम करायचा की आत घ्यायचे ते तू ठरव, पण आत घेतलेस तर आधी जेवू घाल.

तुझी नमाजेची चिंता मी त्याला सांगितली. तो लगेच म्हणाला, मामूंनीच शिकवले आहे, की ज्याने नेक नीयतीने दिशा शोधली आणि ती चुकली, त्याची नमाज झाली; पण चूक कळल्यावर तोंड फिरवले नाही तर मात्र झाली नाही. साखळी ओढताना तुझे शिकवलेले सगळेच सांडले नाही म्हणायचे.

हसले मी, खोटे बोलत नाही. पोट धरून हसले. पण तू हे मला लिहिलेस, याने डोळेही भरून आले. अब्बा गेल्यानंतर तू माझ्यापाशी चूक कबूल केल्याचे आठवत नाही.

सर्वांना दुवा, सुगराला थोडी जास्त.
आपा

ता. क. मौलवीसाहेबांस नारायणाचा नमस्कार. तो भाग मी डोळे मिटून वाचला. भिंतीच्या दिशेची गोष्ट माझ्याकडून बाहेर जाणार नाही. आमच्या घरचे देवघरही मी पौषातच सूर्य पाहून मांडले होते, ते काल हळूच सरकवले.

---

अमरावती
भाद्रपद, सन १८६४

तीर्थस्वरूप आपांच्या पायांशी करामतचा सलाम वि. वि.

आधी जेवू घातले. मग मशिदीवर गेलो.

बदरूने डबी ठेवली, नकाशा पसरला, दोरी ताणली. मग सगळे पुन्हा एकदा मोजले. मी म्हटले, काय ते सांग. खाली मान घालून म्हणाला, मक्का सरळ पश्चिमेला आहे, थोडी उत्तरेकडे कललेली. आपल्या भिंतीचे तोंड दक्षिणेकडे ओढले गेले आहे. ही रेघ अशीच समुद्रावरून नेली तर जंगबारच्या आसपास निघेल. आपा, मी हाजी उस्मान शेठांच्या पैशाने हबशांच्या मुलखाकडे नमाज पढवत होतो.

शेठांचे म्हणणे पडले, की भिंत राहू द्यावी, जमिनीवर तिरक्या रेघा आखाव्यात, कोणाला कळणार नाही. बदरू माझ्याकडे पाहत होता. जुम्याला मी उभा राहून सगळ्यांना सांगितले, की चूक माझी, आणि ती दुरुस्त करणारा माझा भाचा आहे, ज्याला मी सहा महिने दाराबाहेर ठेवला. मग भिंतीचा पहिला दगड स्वतः काढला. मनकर्णाबाईंना नव्या पायाच्या वेळी बोलावले आणि सूर्य बरोबर आहे ना विचारले. त्या म्हणाल्या, आता बरं दिसते.

आता मकतबात सकाळी एक तास बदरू हिशेब आणि नकाशा शिकवतो. पाऊस संपेपर्यंतच, पण सत्तावीस मुले येतात. नकाशाला आली तरी माझ्या चटईवरून जावे लागते, मी बाकीचे तीन तास सोडत नाही. मागच्या ओळीत भिंतीला टेकून मीही बसतो. अपूर्णांक अवघड आहेत.

आता मुख्य गोष्ट. निकाहाची अट मी सोडली, असे बदरूला सांगायला बोलावले. तो म्हणाला, नको मामू, आधी माझे ऐका, कुठवर उरले आहे ते पाहा. बसला समोर. एकवीस पारे ठीक गेले, दोन दिवस लागले. बाविसाव्यात अडला. मागे गेला, पुन्हा तिथेच अडला. मी मुद्दाम गप्प राहिलो. तेवढ्यात पडद्याआडून पुढचे शब्द आले.

मला वाटले, सुगराची आई. पण तिला इतके येत नाही. मी विचारले, कोण आहे? पडदा नुसता हलला. मी म्हटले, पुढे म्हण. आणि आपा, सुगराने पुढे म्हटले. बाविसावा संपला, तेविसावा संपला. आवाज आधी कापत होता, मग कापायचा थांबला. दुपारची नमाज झाली, पुन्हा सुरू झाले. तिसऱ्या प्रहरी, असरच्या सुमारास तिने तिसावा पारा पुरा केला. एका जागी चुकली, ती चूक तिची तिनेच धरली.

नऊ वर्षे ती पडद्यापलीकडे सरकी निवडत बसत होती. मी इकडे रोज पहाटे कुराण उघडून एक पारा पढायचो, महिन्याला तीस, मग मुलांना एकेक ओळ शंभरदा घोकायला लावायचो, छड्या मारायचो, आणि ते तिकडे साचत होते. मी तिला एक अक्षर शिकवले नाही. कधी विचारलेही नाही, की बेटी, तुला यातले काही येते का? तीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते माझ्याच घरात भाकरी थापत होते. मी मुलांसमोर रडलो. मला त्याची लाज वाटत नाही.

तिला जवळ घेऊन म्हटले, माग काय मागायचे ते. तिने फार वेळ घेतला नाही. म्हणाली, "अब्बा, उरलेले आठ पारे मीच त्याले पाठ करून देईन. पण तो नकाशा मले पुरा पाहायचा आहे."

बदरूने मान हलवली. मला विचारले कोणी नाही, पण मीही हलवली. निकाह येत्या जुम्याला नव्या मशिदीत आहे. भिंत अजून गुडघाभर आहे, पण तोंड बरोबर आहे. आपण आधीच निघावे. नव्या हाफिजाला मानाचे पागोटे देतात, ते यंदा कोणाच्या डोक्याला बांधायचे हा पेच पडला आहे, कारण या घरात पहिला हाफिज झाला आहे आणि त्याला ओढणी आहे.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला धाकटा,
करामत