आव्विक क्रमांक ४११

सोमवार, ५ फेब्रुवारी
माझ्या लेकीनं नगरपालिकेला कोर्टात खेचलं! आणि नगरपालिका तरी कुठली — जिथे मी बावीस वर्षं नोंदणी विभागात खुर्ची झिजवतेय, तीच. आज तारीख लागली, ४ मार्च.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरची दोघं कॉफीचे कप उचलून दुसरीकडे जाऊन बसली. बसा खुशाल! मी माझा पाव आणि तपकिरी चीज निवांत खाल्लं.

बुधवार, ७ फेब्रुवारी
रागनहिल्डनं जिन्यात गाठलं. आमच्याच विभागातली, मनानं वाईट नाही. म्हणाली, "अगं, त्या माणसाला शिक्षा झाली ना? मग आता नगरपालिकेच्या मागे कशाला लागलीय इल्वा? आपलेच दात आणि आपलेच ओठ."

झाली शिक्षा. पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक होता तो. इल्वा सतरा वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे कामाला. त्यानं काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. तिनं कोर्टात एकदा सांगितलंय, तेवढं पुरे. पण त्याला त्या खुर्चीवर कुणी बसवलं? त्याच्या हाताखाली शाळकरी मुली कुणी दिल्या? रागनहिल्डला एवढंच विचारलं. 

रविवार, २५ फेब्रुवारी
चित्त थाऱ्यावर नाही. हातमोजे विणले — दोन्ही डाव्या हाताचे!

सोमवार, ४ मार्च
नगरपालिकेच्या वकिलानं सरळ कानांवर हात ठेवले. तक्रारीचा अर्ज आलाच नाही, मग आम्हाला कळणार कसं? मान्य आहे, माणूस वाईट निघाला, पण नगरपालिकेचा काय दोष?

मग इल्वाच्या वकील, हेग्लान्डबाई, उठल्या आणि त्यांनी एक कागद पुढे केला. आव्विक क्रमांक ४११.

आव्विक! आमच्याकडे कामावर रुजू झाल्या झाल्या पोरांना हेच शिकवतात — काही मोडलं, सांडलं, चुकलं की संगणकावर आव्विक भरायचा. ओली फरशी, आव्विक. डुगडुगती खुर्ची, आव्विक. असल्या गोष्टीसाठी तक्रारीचा वेगळा अर्ज असतो, हे मात्र इल्वाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग पोरीनं शिकवलं तेच केलं. प्रकार: 'इतर'. विषय: 'भांडार'. खाली दोन ओळी — 'मला व्यवस्थापकांबरोबर भांडारात एकटीला पाठवू नका. ते हात लावतात.'

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं आईला सांगितलं नाही, पण नगरपालिकेला सांगितलं होतं!

वकील म्हणाला, आव्विक म्हणजे तक्रार नव्हे. शिवाय तो नियमाप्रमाणे तलावाच्या व्यवस्थापकाकडे गेला. म्हणजे त्याच्याकडेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! त्यानं 'उपाय केला' असं लिहून टाकलं.

न्यायाधीशबाईंनी इल्वाला विचारलं, हे कोण वाचेल असं तुला वाटलं होतं?

"नगरपालिका," ती म्हणाली.

आवाज जरासुद्धा कापला नाही. एकोणीस वर्षांची पोर, समोर तीन-तीन वकील, आणि ती ताठ उभी. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे पुसायलाही विसरले.

मंगळवार, १२ मार्च
निकाल नाही. ऑफिसात केक होता. मला कुणी बोलावलं नाही, मी आपली जाऊन दोन तुकडे घेऊन आले.

गुरुवार, २१ मार्च
जिंकली! जिंकली माझी इल्वा!

निकाल तीनदा वाचला. आव्विक हीच तक्रार. सतरा वर्षांच्या मुलीनं योग्य अर्ज शोधत बसावं, ही अपेक्षाच चूक. व्यवस्थापकाच्या 'उपाय केला' नंतर हा आव्विक मुख्य कार्यालयात आला आणि तिथल्या कर्मचाऱ्यानं शुक्रवारी, १५ जुलैला, तो कायमचा बंद केला. त्या क्षणापासून नगरपालिकेला माहीत होतं असंच धरलं जाईल. सर्वांत गंभीर प्रकार त्यानंतरच्या तीन आठवड्यांत घडले. ते टाळणं नगरपालिकेच्या हातात होतं. जबाबदार ती.

आता नॉर्वेतल्या कुठल्याही नगरपालिकेनं म्हणून दाखवावं, की आम्हाला कळलंच नाही! रागनहिल्डनं सगळ्यांदेखत मिठी मारली. म्हणाली, माझीही धाकटी यंदा उन्हाळ्यात कामाला लागणार आहे.

फक्त एक गोष्ट डोक्यात भणभणतेय. कोण हा दिवटा, न वाचता बंद करणारा? मुख्य कार्यालयात हे काम आमच्याच विभागातले आम्ही सहा जण करतो. ओड्वारच असणार. शुक्रवार दुपार, उन्हाळा, डोंगरातल्या लाकडी घरी पळायची घाई! निकालात नाव नाही, पण संगणकात असतंच. उद्या बघते त्याच्याकडे.

शुक्रवार, २२ मार्च
४११ उघडला. बंद करणारी मी. दुपारी २ वाजून ४७ मिनिटं. त्या दिवशी मी चाळीस बंद केले होते, नुसते विषय बघून.

घरी येऊन इल्वाला सांगितलं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. कोर्टात माझं नाव घ्यायचं नाही, ही हेग्लान्डबाईंना तिचीच अट होती.

"आई, मी दावा नगरपालिकेवर लावला," म्हणाली. "तुझ्यावर नाही."